पन्ह्याचा पेला आणि एटापल्लीचे वसतिगृह

मी, मनकर्णा शंकरराव येरगुडे, वय एकाहत्तर, धंदा राइस मिल, राहणार बल्लारपूर, कोणाच्याही दडपणाशिवाय, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहून ठेवते. गुडघे गेले, डोके शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. राइस मिल व राहते घर मुलगा निकेश आणि सून मयुरी यांना निम्मे-निम्मे. मिल मयुरीच चालवते, हे निकेशने चारचौघांत एकदा तरी कबूल करावे.

२. ‘शिक्षणमाउली’ म्हणून मला मिळालेल्या सत्तावीस शाली वसतिगृहातल्या मुलींना पांघरायला द्याव्यात. कपाटात त्यांना कसर लागते आहे.

३. एटापल्लीचे मुलींचे वसतिगृह जमिनीसह ते चालवणाऱ्या संस्थेकडेच राहील. निकेशला तिथे गोदाम हवे आहे. ते होणार नाही.

४. फाटकावरचे माझे नाव काढावे. कारण कोणत्याही भाषणात सांगितले नाही, ते इथे लिहिते. १९९९ च्या गुढीपाडव्याला उद्घाटन झाले. मी मुलींना नव्या कैरीचे पन्हे वाटले. सात वर्षांच्या मंगलीने पेल्याला हात लावला नाही. पाहुण्यांसमोर मी तिला माइकवरून ‘माजोरडी’ म्हटले आणि त्याच संध्याकाळी जीपने गावी धाडले. वर्षभराने तिचे वडील कोलूभाऊ भेटले, तेव्हा म्हणाले, “बाई, पंडुमाची पूजा झाल्याबिगर आमी नवा आंबा तोंडात नाई घालत. पोरगी देवाले भ्याली. तुमी तिले इचारलं काऊन नाई?” मी माफी मागितली. मंगली मात्र पुन्हा शाळेत आली नाही. मला याची आजही लाज वाटते.

५. म्हणून संस्थेच्या कार्यकारिणीत निम्म्या जागा गावांतल्या, मुलींच्या आयांच्या. पंडुम कधी, ते त्या सांगतील. तोवर स्वयंपाकघरात कैरी येणार नाही. माझी तेरवी त्याच दिवसांत आली, तरी नियम हाच.

६. साक्षीला यावे म्हणून मी मंगलीला निरोप पाठवला. येईल असे वाटले नव्हते, आली. तिची लेक याच वसतिगृहात सहावीला आहे, तिनेच आईला सही शिकवली. मी पेन पुढे केला, तर मंगली म्हणाली, “सही येते मले, बाई. पन या कागदावर आंगठाच राहू द्या.” मी हट्ट केला नाही.

वाचून, समजून खाली सही केली.
बल्लारपूर, दि. ९ फेब्रुवारी २०२५

मनकर्णा शं. येरगुडे (सही)

साक्षीदार:
१. बापूजी वासेकर, निवृत्त मुख्याध्यापक (सही)
२. मंगली चैतू पुंगाटी (डाव्या अंगठ्याचा ठसा)