दोन हॉर्न वाजले का?

३ फेब्रु., सोमवार
आज माझ्या डंपरखाली जीप चिरडली. कंपनीचीच, टेस्ट ट्रॅकवर. शंभर टनी गाडी, केबिन दुसऱ्या मजल्याएवढी उंच. मला कळलंसुद्धा नाही. हिसका नाही, आवाज नाही. वायरलेसवर ओरडाआरडा झाला तेव्हा ब्रेक मारला. उतरून बघतो तर चाकाखाली नुसता पत्रा.
जीपवर ड्रायव्हर सुदाम. ट्रॅकच्या कडेचा आडवा पडलेला प्लास्टिकचा कोन उचलायला तो उतरला होता, म्हणून... समोर उभा, धुळीनं पांढरा. म्हणाला, "दादा, आत्ताच उतारलो व्हतो." एवढंच.


४ फेब्रु., मंगळ.
चौकशी. सेफ्टीच्या मॅडमनी विचारलं, "निघण्याआधी दोन हॉर्न दिले होते?" नियम आहे : इंजिन चालू करताना एक, पुढे निघताना दोन, मागे घेताना तीन.
'हो' म्हणालो. आपोआप निघालं तोंडातून.
बसमध्ये आठवत बसलो. पहिला आठवतो. नंतरचे दोन...
सुदामचीही चूक आहेच. वायरलेसवर न सांगता डंपरच्या नाकापुढं जीप लावली. तिथलं वरून काही दिसत नाही. पण माझ्या 'हो'मुळं सगळं त्याच्यावर जातंय. दोन मुली आहेत त्याला.

५ फेब्रु., बुध.
घरी बसवलंय. सुनीता म्हणते, "अहो, माणूस वाचला ना? मग कशाला उकरून काढता?" लातूर सोडून आलो ते या नोकरीसाठीच. तिचं चूक नाही.
पुनावळ्याच्या चौकात पायी चाललो होतो. रिक्षा आडवी आली, तर माझा पाय ब्रेक शोधायला लागला.

६ फेब्रु., गुरु.
महाळुंग्याला सुदामच्या घरी गेलो. त्याच्या आईनं माझे हात धरले. "तुमच्या हॉर्नमुळं माजं लेकरू वाचलं म्हंत्यात." मी चहाचा कप खाली ठेवला. सुदाम खाली बघत होता.
फाटकापाशी विचारलं, "तू ऐकलास हॉर्न?"
"वारं लई व्हतं. तुमी म्हंताय तर वाजला आसंल."
"तू ऐकलास का?"
"न्हाई. पर मॅडमला ऐकला म्हनूनच उतारलो आसं सांगितलंय; दोगांचं जुळलं की चौकशी मिटती. तुमी बी वाचा, मी बी वाचंन."

७ फेब्रु., शुक्र.
लिहून दिलं : 'पुढे निघताना दोन हॉर्न दिल्याचे आठवत नाही.'
मॅनेजर : "काय राव, मिटत आलं होतं!"
मॅडमनी दोनदा वाचलं. "सुदामचा जबाब वेगळा आहे."
"माहितीये."
डंपर चालवायचा पास काढून घेतला.

८ फेब्रु., शनि.
सकाळी मॅडमनी दोघांना यार्डात बोलावलं. डंपर बंद, चाकांखाली ठोकळे लावलेले. सुदामला वर केबिनमध्ये बसवलं. मला जीप होती तिथं उभं केलं. नुसता टायरच माझ्या डोक्यापेक्षा हातभर उंच. इंजिन बंद, तरी चाकांखालचे ठोकळे पुन्हा बघून घेतले. इतकी वर्षं हाच टायर मी वरून बघत आलो.
मॅडम वायरलेसवर : "सुदाम, काय दिसतंय?"
"ट्रॅक. कोन. लांब ती झाडं."
"माणूस?"
"कोनी न्हाई."
मी दोन्ही हात वर करून हलवले. उड्याही मारल्या.
"आता?"
वायरलेस खरखरला. मग, "दादा तिथं हायेत का, मॅडम?"
शिडी धरून सावकाश उतरला. माझ्याकडं बघितलं नाही. सरळ मॅडमकडं गेला. "मला जबाब परत लिवायचा हाय. हॉर्न ऐकलाच न्हाई म्या."
सोमवारी दोघांनाही वरच्या ऑफिसात बोलावलंय. सुनीताला अजून काही सांगितलं नाही.