उंदराशिवाय प्लेग

३ ऑगस्ट
एम.ए.ची पुस्तकं पुन्हा उघडली. जगाचा इतिहास, मध्ययुग ते आधुनिक काळ. पन्नाशीला आलेली बाई हे कशाला शिकतेय, असं ऑफिसात विचारून झालं, चाळीतही विचारून झालं. वाचताना नुसती किळस येते. धर्मगुरूंचा थाट, राजांची हाव, माणसांनी खच्चून भरलेली गुलामांची जहाजं. आणि गाइडमध्ये याचे ‘परिणाम’, क्रमांक घालून. घरात आईचा टीव्ही दिवसभर. मंडळाची अभ्यासिका नसती तर कधीच सोडून दिलं असतं.

६ ऑगस्ट
सुहास आला. मंडळाचा अध्यक्ष, शाळेत माझ्याच वर्गात होता, इतिहासात कायम काठावर. यंदा गणपतीत देखावा जगाच्या इतिहासाचा. हलते पुतळे, दिवे, रेकॉर्ड केलेलं निवेदन. “लिही तूच, आवाज पण तुझाच. शिकतेयस ना आमच्या अभ्यासिकेत फुकट?”
दरवर्षी गणपतीत अभ्यासिका सामानाने भरतात. म्हटलं, यंदा भरायची नाही. विसर्जन झालं की लगेच माझा पेपर आहे, किल्ली माझ्याकडे राहील. “घे गं बाई.” ठरलं.

१२ ऑगस्ट
निवेदन दिलं. गुलामांचं जहाज कापलं, “सणासुदीला बेड्या कुठे दाखवतेस?” प्लेग ठेवला, त्याला भगवा-लाल धूर सोडता येतो म्हणून. गेल्या वर्षीच्या मावळ्यांना टोप्या चिकटवून युरोपातले शेतकरी केलेत. मिशा तशाच. प्लेगच्या संशयावरून जाळलेल्या ज्यूंच्या जागी ‘परके’ घाल म्हणे, ज्यू कोणाला कळणार. घातलं. वाद घालायचा कंटाळा आला.

१७ ऑगस्ट
दादरला रेकॉर्डिंग. एकच तुकडा मनासारखा झाला. इथे उतरवून ठेवते:
‘लोक म्हणाले, परक्यांनी विहिरीत विष घातलं. म्हणून त्यांना जाळलं. पण हे खोटं होतं. रोग आणला उंदरांच्या अंगावरच्या पिसवांनी.’
त्या काळात खरंच असं झालं. वाचलं तेव्हा दोन दिवस जेवण गेलं नव्हतं.

२१ ऑगस्ट
सु.चा फोन. भयंकर चिडलेला.
“उंदीर? अगं, बाप्पाचं वाहन ते! खाली बायका त्याच्या कानात नवस बोलणार आणि वरून तुझा आवाज, उंदरांनी रोग आणला! मार खायला लावतेस काय?”
म्हटलं, प्लेग उंदरांशिवाय कसा सांगू? मुंबईत प्लेग आला तेव्हा काय मांजरांनी आणला होता?
“ते मी बघतो.”
काय बघणार, हे विचारायला हवं होतं. पण औद्योगिक क्रांतीची टिपणं अर्धी...

२७ ऑगस्ट
आज देखावा सुरू. आईला घेऊन गेले. माझ्याच आवाजात ऐकलं:
‘परक्यांनी विहिरीत विष घातलं. म्हणून त्यांना जाळलं.’ मग तुतारी. मग ‘आणि युरोपात नवं युग उजाडलं.’
लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या!
उंदीर काढताना त्याच्या आधीचं वाक्यही गेलं. ‘लोक म्हणाले’सुद्धा गेलं. आई माझा हात दाबून म्हणाली, “तुझो आवाज बरो लागता.” घरी येऊन गुळण्या केल्या. तोंडात काहीतरी सडल्यासारखं वाटत होतं.

२८ ऑगस्ट
सु.ला गाठलं. स्टुडिओ आता बंद, विसर्जनापर्यंत काही होणार नाही म्हणे. “लोकांना आवडलंय ना, तुला काय प्रॉब्लेम आहे?” अभ्यासिकेत बसले, तिथेही भिंतीपलीकडून मीच. परत परत तेच. स्वतःच्या आवाजाची इतकी घाण वाटेल असं वाटलं नव्हतं.

३० ऑगस्ट
चाळीतली पोरं नळापाशी देखावा-देखावा खेळत होती. खालच्या वर्कशॉपमधले मिश्राजी बाटली भरायला आले. वीस वर्षं याच नळावर भरतात. त्यांतला ओजस आडवा आला. “परके! विष घालायला आले!” बाकीची पोरं तुतारी वाजवत होती तोंडाने.
मिश्राजी हसले. बाटली मात्र न भरता गेले. जाताना मला म्हणाले, “दीदी, आवाज आपकी है ना? बहुत बढ़िया.”
मला ओकारी आली. खरोखरची.

३१ ऑगस्ट
सु.ला सांगितलं, आरतीनंतर मला माइक दे, नाहीतर मी रांगेत उभी राहून ओरडेन.
“पोरांचा खेळ गं तो.”
“नळ खेळातला नाहीये.”
शेवटी कबूल झाला. ‘हे खोटं होतं’ एवढंच बोलायचं. उंदराचं नाव काढायचं नाही. काढलं तर अभ्यासिकेची किल्ली परत, आत्ताच्या आत्ता.
म्हटलं, मग ओजसने विचारलं, रोग कोणी आणला, तर काय सांगू?
“सांग, देवाला माहीत.”

१ सप्टेंबर
पुस्तकं अभ्यासिकेच्या टेबलावर उघडीच ठेवून आलेय. पेपराची तयारी निम्मीसुद्धा नाही. गॅलरीतून रांग दिसते. उंदीर देवाच्या पायाशी मोदक धरून बसलाय, एक बाई त्याच्या कानाशी वाकलीय. ओजस पुढेच आहे, बापाच्या खांद्यावर. मिश्राजी दिसत नाहीत.
आरती संपत आली. किल्ली पर्समध्ये टाकली नाही, हातातच घेऊन चाललेय.