३,८२१ बोगस

४ मे १९८७, सोमवार
मशीनला एसी. आम्हाला पंखा, आणि तोही खडखडणारा.

साहेबांचा — गोपाळरावांचा — नवा हुकूम. घरबांधणीच्या भूखंडांसाठी आलेले अर्ज ४,२१२. त्यांतले बोगस शोधा, आठवड्यात. "संगणकाला खोटा माणूस ओळखता येतो ना?" म्हटलं, माणूस नाही साहेब, ओळ ओळखता येते. ओळ कशी असावी याचा नमुना आपण द्यायचा. नमुन्यात बसत नाही ती ओळ बाजूला पडते.

"तेच तर मी म्हणतोय," साहेब म्हणाले. मशीनच्या खोलीत येताना ते बूट बाहेर काढतात. अजून एकदाही बटणाला हात लावलेला नाही.

सहा-सहा महिन्यांच्या ऑर्डरवर माझी तीन वर्षं गेली. जाता जाता म्हणाले, "अरुंधतीबाई, हे काम उरका, तुमची कायम नेमणूक काढतो." घरी बाबा रोज तेवढंच विचारतात.

६ मे
नमुना लिहिला. आधी नावाची अक्षरं, कितीही असोत — त्यासाठी एक तारा, * अशी खूण. मग स्वल्पविराम, वयाचे दोन अंक, पुन्हा स्वल्पविराम, मग गाव, निदान तीन अक्षरांचं. चार हजार माणसांची पारख एका ओळीत मावली! स्वतःवरच खूश झाले.

इंदुताईंना दाखवला. रजिस्टरं मशीनमध्ये त्यांनीच भरली. म्हणाल्या, "हे काय लिवलं वं? मुंग्या चालल्यावानी दिसते."

८ मे
चालवला. नमुन्यात बसले ३९१. न बसलेले ३,८२१.

दहातले नऊ बोगस कसे असतील? म्हटलं, साहेब, एकदा तपासून पाहते. "तपासायचं काय त्यात? मला संशय होताच." चहा यायच्या आत मुंबईच्या मुख्य कचेरीला फोन झाला. नंतर पेढे. मीही दोन खाल्ले.

११ मे
यादी फळ्यावर लागली. आमचे शिपाई नत्थूजी काटोलकडचे, नऊ वर्षांपूर्वी अर्ज केलेला. त्यांनी कोणाकडून तरी यादी दोनदा वाचून घेतली. मग माझ्याकडे आले.

"बाई, मशीननं मले काहून काढलं?"

घाईत होते. म्हटलं, तुमच्या अर्जात काहीतरी खोट असेल.

"असन," म्हणाले, आणि माझ्या टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवून गेले.

१२ मे
जेवणाच्या सुट्टीत न बसलेल्या ओळी काढून पाहिल्या. नत्थूजींचं नाव बरोबर, वय बरोबर. गावाच्या जागी नुसत्या दोन बारीक रेघा. वरच्या ओळीतही रेघा. खालच्याही.

इंदुताईंना विचारलं. "रजिस्टरमंदी जसं होतं तसंच टाइप केलं वं. बाबारावजीची रीतच होती ते."

बाबाराव म्हणजे जुने हेडक्लार्क, कधीच रिटायर झाले. एका गावचे लोक एकाच बसनं यायचे, अर्जाच्या खिडकीशी एकामागे एक उभे राहायचे. बाबाराव पहिल्यापुढे गावाचं नाव लिहायचे, बाकीच्यांपुढे दोन रेघा — वरीलप्रमाणे. सगळ्या कचेऱ्यांत असंच लिहितात. मीसुद्धा वाणसामानाच्या यादीत असंच लिहिते.

म्हणजे जो बसमधून आधी उतरला तो खरा. त्याच्यामागे रांगेत उभे राहिले ते सगळे बोगस. नत्थूजी बहुधा कोणाला तरी आधी उतरू देत बसले असतील. आधी हसू आलं. मग ते ग्लास ठेवून गेले ते आठवलं, आणि डबा तसाच राहिला.

१३ मे
साहेबांना सगळं सांगितलं. "मशीन चुकत नाही असं मी मुंबईला सांगून बसलोय. आता चुकलं म्हणून सांगू?"

मशीन नाही साहेब, मी चुकले.

"मग तर अजिबात बोलू नका. तुमची कायमची ऑर्डर टाइप होऊन राहिली आहे."

जागेवर येऊन बसले. भित्री आहे मी, वहीपासून काय लपवायचं! ऑर्डरचं घरी सांगितलं. बाबांनी देवापुढे साखर ठेवली.

१४ मे
ऊन. काही लिहावंसं वाटत नाही.

१५ मे
परिपत्रक निघालं. कचेरीतल्या ज्या कर्मचाऱ्यांचे अर्ज बोगस निघाले त्यांनी उद्यापर्यंत लेखी माफी द्यावी, नाहीतर चौकशी. असा कर्मचारी सगळ्या कचेरीत एकच.

संध्याकाळी नत्थूजी कोरा कागद घेऊन आले. "मले लिवता-वाचता येत नाही बाई. तुमीच लिवून द्या, माहं चुकलं म्हून."

काय चुकलं, नत्थूजी?

"ते तुमालेच ठाऊक. मशीन तुमाले सांगते."

उद्या देते म्हटलं. कागद घरी आणला आहे.

१६ मे
माफीनामा लिहिला. ३,८२१ माणसं खरी आहेत, नमुना चुकीचा होता, तो मी लिहिला. दोन प्रती — एक साहेबांना, एक मुंबईला. दोन्हींखाली सही माझी.

नत्थूजींनी कागद कपाळाला लावले आणि एक साहेबांच्या टेबलावर ठेवून, दुसरा टपालात टाकून आले.