दाराची दोरी

दांडी, मालवण
१० नोव्हेंबर १९८५

चि. लवूस अक्काचे आशीर्वाद. आम्ही आहोत तशी आहोत. तुम्ही तिकडे बरे असा.

बाबांचं विसरणं वाढलंय. काल भर दुपारी गळाभर पाण्यात उभे होते. ओढून आणलं, तर म्हणाले की होडी आपल्यासाठी खोळंबलीय. होडी विकून किती वर्षं झाली रे! दाराला दोरी बांधून ठेवते, पण जन्मभर होडीवर दोरखंड हाताळत तांडेलकी केलेला माणूस. माझं नाव आठवत नाही, गाठ मात्र कसलीही घाला, बसल्या बसल्या सोडतात. एक दिवस समुद्र नेणार त्यांना.

कावेरीचं पहिलं बाळंतपण. लेकीला माहेरी आणायची रीत, पण या घरात कशी आणू? शिमग्याला तरी तू येऊन बाबांकडे बस, मी बांद्याला तिच्या सासरी जाऊन येते. माका खरंच कंटाळो इलो.

माया असू दे.
अक्का

मुंबई
२२ नोव्हेंबर १९८५

ती. अक्कास लवूचा नमस्कार.

लहानपणी तू मला खांबाला बांधायचीस, ती गाठ घालून बघ. मला कधी सुटली नाही. चेष्टा केली, रागावू नकोस. गावी येणाऱ्या एका ओळखीच्याबरोबर चांगलं कुलूप पाठवलंय. आतून लाव आणि किल्ली जवळ ठेव. शिमग्याला रजा काढून नक्की येतो.

लोभ आहे तसा राहू दे.
लवू

दांडी, मालवण
२ एप्रिल १९८६

चि. लवूस आशीर्वाद.

शिमगा झाला. तुला रजा मिळाली नसेल, जाऊ दे.

कुलूप भक्कम आहे. आत आम्ही दोघं, किल्ली माझ्या कमरेला. बाबा दिवसभर कुलूप चाचपत बसायचे, नखं सोलवटली. बघवेना, म्हणून कडीला पुन्हा दोरीही बांधली. ते सोडतात, मी बांधते. सुटली की माझ्याकडे बघून हसतात. दार काही उघडत नाही.

कावेरीला मुलगी झाली. निरोप मी खिडकीतून ऐकला. कधी कधी वाटतं, सुटोत एकदाचे बाबा. लिहून गेले, आता खोडत नाही.

अक्का

दांडी, मालवण
२० मे १९८६

चि. लवूस आशीर्वाद.

दिवसकार्य करून तू गेलास, तेव्हा एक सांगायचं राहिलं. बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी ते दोरी घेऊन माझ्याकडे आले आणि सोडून दे म्हणाले. साधी गाठ होती. बोटंही विसरली तेव्हाच मी समजले. सोडून दिली, तर हसले नाहीत.

तू पोचेपर्यंत थांबता आलं नाही. शेजारचा धोंडू तिरडी आवळत होता. त्याला मी म्हटलं की गाठ सैल बांध, त्यांना सोडता आली पाहिजे. बायका माझ्याकडे बघत राहिल्या.

आता बांद्याला जायला आडकाठी नाही. पिशवी केव्हाची भरून ठेवलीय. पण दाराशी गेले की हात कमरेच्या किल्लीकडे जातो, आणि बाबा कुठे आहेत ते बघायला मी माघारी वळते.

एकदा ये आणि मला बांद्याला पोचव.
अक्का