कंसातली मावशी

तीर्थरूप मावशी,

साष्टांग नमस्कार. (प्रत्यक्ष घातला तर मला उठवायला दोन माणसं लागतील, तेव्हा कागदावरच मान्य कर.) गुडघे कसे आहेत? जिना सोडलास, की व्यायामाच्या नावाखाली अजून चढतेसच? इकडे सगळे ठीक. आईसुद्धा, म्हणजे दिवसभर तक्रारी करण्याइतकी ठणठणीत.

पत्राला तसं काही कारण नाही. प्रयोगशाळेतलं तुझं जुनं कपाट उघडावं लागलं, एवढंच. दार उघडल्याबरोबर तो फॉर्मालिनचा वास आला आणि मी एकदम शाळकरी झाले. सुट्टीत तू मला उंच स्टुलावर बसवायचीस, समुद्राच्या पाण्याचा थेंब काचेवर ठेवायचीस आणि हातात तुझी ती सुई द्यायचीस. (काडीच्या टोकाला स्वतःच्या पापणीचा केस चिकटवलेली. मी घरी जाऊन तशी करायला गेले आणि आईची पापणी उपटली, ते प्रकरण तुला आठवत असेलच. आईला तर आठवतंच.) तांदळाच्या कणीहून लहान ते कोपेपॉड, लांबच लांब मिशांनी वल्हवत जाणारे. तू म्हणायचीस, "रंगाला भुलू नकोस, आकाराला भुलू नकोस. नर शोध. त्याची कुठली मिशी मधेच दुमडते ते बघ, मग पाचवा पाय बघ. प्रजाती आपोआप कळते." ह्यांना मी पहिल्यांदा घरी आणलं, तेव्हा तू स्वयंपाकघरात हळूच विचारलंस, "मिशी ठीक आहे, पण पाचवा पाय बघितलास का?" हे बाहेर ऐकत होते. अजून अधूनमधून विचारतात, तो कुठला पाय.

तर, आमच्या साहेबांच्या डोक्यात आलं की तुझ्या त्या प्रजातीची सबंध मांडणी नव्याने तपासायची. प्रजातीतल्या सगळ्या जाती, आणि त्यात तू शोधलेलीही, म्हणून कपाट. तुझा नर बाटलीत जसाच्या तसा होता, मिशांसकट. पाचवा पाय मी मोठ्या नजाकतीने सोडवला, काचेवर ठेवला आणि शिंकले. पुढचं सांगत नाही. (सांगतेच.) मी, साहेब आणि झाडूवाल्या बाई, तिघंही भिंगं घेऊन फरशीवर. बाई म्हणाल्या, "एवढ्याशा पायासाठी एवढी मोठी माणसं रांगताय." पाय शेवटी साहेबांच्या बाहीवर सापडला. मी तो उचलेपर्यंत साहेब हात पुढे करून पुतळ्यासारखे उभे होते, आणि तेवढा वेळ त्यांच्या बायकोचा फोन वाजत होता.

पाय बरोबर निघाला. मिशी नाही. तू लिहिलं आहेस, दुमडणारी मिशी उजवी. ती डावी आहे, मावशी. मी वेगवेगळ्या दिव्यांत बघितलं, साहेबांना दाखवलं, चष्मा पुसून परत बघितलं. मग तुझी आकृती काढली आणि उमगलं. सगळं जग हे प्राणी पालथे ठेवून चितारतं. तू त्यांना पाठीवर निजवायचीस, पाळण्यातल्या बाळासारखं. "पालथं कशाला घालायचं, श्वास कोंडेल," असं म्हणायचीस. (मेलेल्याचा.) पोट वर केलं की डावं उजवीकडे येतं. लिहिताना तेवढं राहून गेलं. मला हसू आलं, आणि मग पुढचं लक्षात आलं.

उजवी मिशी एका प्रजातीची खूण, डावी शेजारच्या. म्हणजे तुझी जात आता शेजारी राहायला जाणार. आणि आपल्यातला रिवाज तुला मी काय सांगू: जात मूळ प्रजातीतून हलली की शोधणाऱ्याचं नाव पुसत नाहीत, पण कंसात घालतात. इतकी वर्षं तुझं नाव मोकळं उभं होतं. मी पत्रात एवढे कंस घालते, तरी हा एक हातून घालवेना.

असो. गुडघ्यांना तेल लाव.

तुझी,
भाची

ता.क. आई म्हणाली, फोनवर सांगू नकोस, तिला रागावायला सोपं जातं. म्हणून पत्र. निवृत्त झाल्यापासून तू प्रयोगशाळेचं नाव काढू देत नाहीस, हेही तिने बजावलं. मी ऐकलं आणि चार पानं लिहिली.

ता.क. २. वर लिहिलं की कारण नाही, ते खोटं. निबंध तयार आहे, पण मी धाडलेला नाही. तो आपण दोघींनी लिहिलेला असावा, तुझं नाव आधी, माझं मागून. म्हणजे तुझी चूक तूच दुरुस्त केलीस असं होईल. तू हो म्हटल्याशिवाय मी हलणार नाही. साहेब म्हणतात, तुम्ही नाही केलंत तर लांबचा कोणीतरी करेलच. करेल. नीटही करेल. पण तो तुला मावशी म्हणणार नाही.