हिरव्या ठिपक्याचा डबा

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

कमलनगर,
मंगळवार, २८ जानेवारी २०२५

श्री. बसलिंगप्पा व्याही यांना हावगेप्पाचे शरणु शरणार्थी.

इकडे सर्व ठीक आहे. तूर निघाली. थंडीमुळं आमच्या पेंड-सरकीच्या दुकानात गिऱ्हाईकही बरं आहे. घरात निलम्माचे गुडघे तेवढे दुखतात. तुमच्या घरी सगळे सुखरूप असतील असं समजतो. तीन वेळा फोन केला, तुम्ही उचलला नाही, म्हणून लिहायला बसलो.

सूनबाई शैलश्री संक्रांतीला दानेश्वरीला घेऊन तुमच्याकडे हळ्ळीखेडला आली ती पाच दिवसांसाठी. आता दोन आठवडे झाले. आमचा शिवकुमार सांगतो की सहा महिन्यांच्या त्या लेकराच्या गालावरचे चट्टे आता मानेला आणि गुडघ्यांच्या मागंही आले आहेत, आणि ती खाजवून रक्त काढते.

मी कुणावर आळ घेत नाही. पण आजा म्हणून विचारणं माझं काम आहे. लेकराला तुमच्याकडे अंगाला कोणतं तेल लावतात? पाणी कोण उकळतं, की नळाचंच कोमट करून पावडर कालवतात? तुमच्या बहिणीनं दिलेली ती टोपी लोकरीची आहे का? साधं दूध सोसत नाही म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलेली खास पावडर चालू असताना इसब वाढतोच कसा, हे मला समजत नाही. कुठंतरी कुणाचा तरी हात चुकतो आहे.

कावीळ होऊन शैलश्रीचं दूध आटलं, त्यात तिचा दोष नाही, हे मी आमच्या घरात अनेकदा बोललो आहे. निघायच्या दिवशी निलम्मा तिला म्हणाली, "अंगावरलं तर गेलंच, आता डब्यातलंबी नीट पाजता येईना व्हय तुला?" हे म्हणायला नको होतं. पण शंका आली की बाई बोलते. तुम्हीही समजून घ्यावं.

बीदरच्या डॉक्टरांनी विचारलं होतं की दोन्हीकडे कुणाला इसब किंवा दमा आहे का. आमच्या घरात कुणाला नाही, हे मी तिथंच सांगितलं. तुमच्याकडे जुन्या माणसांना विचारून पाहावं. लपवण्यासारखी ती गोष्ट नाही.

पावडरच्या डब्याबद्दल मात्र शंका घेऊ नये. पहिले दोन शिवकुमारनं आणले, पुढचे सगळे मी स्वतः जाऊन आणले आहेत.

लेकराला आशीर्वाद. उत्तर लिहावं.

आपला,
हावगेप्पा


॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

कमलनगर,
शुक्रवार, ७ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. शैलश्री हिला,

तुझ्या अप्पांचं उत्तर बुधवारी मिळालं. चारच ओळी आहेत. आमच्याकडे कुणालाही इसब नाही. पाणी शैलश्री स्वतः वीस मिनिटं उकळते. टोपी सुती आहे. आणि शेवटची ओळ अशी की, एवढे आठवडे खास पावडर देऊनही गुण नाही, म्हणून सोमवारी डॉक्टर त्याहून वेगळी पावडर आणि जास्त कडक मलम सुरू करणार आहेत.

ती शेवटची ओळ मी दुकानात उभ्या उभ्या वाचली आणि पोत्यावर बसलो. पोरी, पहिले दोन डबे सोडले तर ती पावडर दानूच्या पोटात गेलेलीच नाही.

आता सगळं सांगतो. मध्ये थांबलो तर पुन्हा टोपीवर आणि तेलावर जाईन.

पहिले दोन डबे शिवकुमारनं बीदरहून आणले ते खरे होते. त्यांचा वास उग्र होता, तू नाक धरून दूध कालवायचीस. दिवाळीच्या आसपास दुसरा डबा संपला आणि पुढचा आणायला मी निघालो. नाव चुकू नये म्हणून रिकामा डबा बरोबर घेतला. बसमध्ये सहज फिरवून पाहिला तर कोपऱ्यात चौकट, आणि चौकटीत तो तांबूस त्रिकोण. मांसाहारी मालावर असतो तो. चष्मा लावून बारीक अक्षरं वाचली. मासळीचं तेल.

बाराव्या दिवशी आपण त्या लेकराच्या गळ्यात लिंग बांधलं होतं. दोरा मी धरला होता. त्याच गळ्यातून महिनाभर मासळीचं तेल उतरलं, आणि तेही माझ्या घरात. मला दुसरं काही सुचेना. मग डॉक्टरांचाच संशय आला. यांना काय, आपली जात-रीत कुठं माहीत; यांचं आणि दुकानदाराचं काही ठरलेलं असेल. त्याच मेडिकलवाल्याला विचारलं, "हिरव्या ठिपक्याचं न्हाई का?" तो म्हणाला, "हाय की, पण ते साध्या दुधाचं हाय. डॉक्टरनं दुसरं लिहिलंय, त्यान्ला फोन लावू का?" मी म्हणालो, "कामून लावायलास? दे."

त्यानं विचारलं होतं, हे तुला कळायला हवं. दुकानदाराचा दोष नाही.

हिरव्या ठिपक्याची पाकिटं आणली, आपल्या दुकानात सरकीच्या पोत्यांमागं बसून जुन्या डब्यात ओतली आणि झाकण लावलं. घरी येऊन सांगितलं की आता सुटी पाकिटंच येतात, म्हणून भरून आणलं. तेव्हापासून दर खेपेला तेच केलं. संक्रांतीला तुझ्या पिशवीत ठेवलेले दोन डबेही तसेच. शिवकुमारला यातलं काही माहीत नाही.

तुला आठवत असेल, पहिल्याच दिवशी तू वाटी नाकाशी धरून म्हणालीस, "मामा, ह्याचा वास बदलल्यावानी वाटायलाय. गोड यायलाय." मी म्हणालो, "थंडीत वास मरतोय." तू मान डोलावलीस. तू माझ्या शब्दावर विश्वास ठेवलास आणि मी त्यानंतर तुझ्यावरच पाळत ठेवली. तू चमचा सपाट करतेस की नाही, बाटली उकळतेस की नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाजायची प्रत्येक वेळ लिहितेस ती खरी लिहितेस की नाही. एकदा तू अंगणात होतीस तेव्हा मी चमचे मोजून पाहिले. बरोबर निघाले. तरी निलम्मा तुला बोलली तेव्हा मी जाऊन देव्हाऱ्यापुढं बसलो. तिला वाटलं मी पूजेत आहे.

पहिल्या डब्यांवर दानूचे गाल निवळले होते. माझ्या डब्यावर पंधरा दिवसांत पुन्हा लाल झाले. मी दोन्ही पाहिलं होतं. आणि तरी हळ्ळीखेडच्या टोपीबद्दल पत्र लिहिलं.

दोन वर्षांपूर्वी मंठाळच्या एका व्यापाऱ्यानं चांगल्या कंपनीच्या पोत्यात हलकी पेंड भरून पाठवली होती. एका गिऱ्हाइकाच्या म्हशीनं दूध तोडलं, तेव्हा मी त्याची गाडी बाजारात सगळ्यांसमोर परत फिरवली. "दुसऱ्याच्या पोत्यात माल भरतूस, लाज न्हाई वाटत?" असं ओरडलो होतो. पेंड एकदम बदलू नका, जनावर सांगू शकत नाही, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगतो. दानूही सांगू शकत नव्हती. तिनं कातडीवर लिहून दाखवलं, तेही मी दुसऱ्याच्या नावावर घातलं.

अजून एक आहे. डॉक्टरांनी घराण्याचं विचारलं तेव्हा मी पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून तिथं बसलो होतो. दहा वर्षांचा होईपर्यंत माझ्या कोपरांच्या आत हेच होतं. माझी आई फडकी बांधायची. शाळेत पोरं जवळ बसवून घेत नसत, म्हणून मास्तरांनी मला दाराशी वेगळं पोतं दिलं होतं. ते दारापाशी बसणं मी विसरलो नाही, पण सांगितलंही नाही. डाग आजही आहेत. तुझ्या अप्पांच्या घरात जे शोधायला लावलं ते माझ्या हातावर होतं.

माझ्या डब्यानंच इसब वाढला की तो माझ्या रक्तातून येणारच होता, हे मला ठरवता येत नाही. सगळं खरं कळल्यावर डॉक्टर सांगतील ते खरं. पण खोट्या डब्यावरून त्यांनी सोमवारी औषध ठरवू नये, एवढ्यासाठी हे आज लिहितो आहे. मी हे देवासाठी केलं असं तीन महिने समजत होतो. आता तोही संशय येतो. देवासाठी केलं असतं तर पोत्यांमागं बसून केलं नसतं. तुला सांगितलं असतं, डॉक्टरांना विचारलं असतं की तेल नसलेली तीच पावडर मिळते का. तेवढं विचारायला मला लाज वाटली, आणि डबा बदलायला वाटली नाही.

हे पत्र निलम्माला वाचून दाखवलं. ती विझलेलीच चूल फुंकत राहिली. मग म्हणाली, "मी त्या पोरीला गल्लीभर नावं ठेवले. आता त्याच गल्लीत मी एकटी कशी फिरू? तुमीबी चला संगं, घरोघर." उद्यापासून आम्ही दोघं खरं सांगायला जाणार आहोत.

उद्या सकाळी शिवकुमार तिकडं निघेल. त्याच्या हाती हे पत्र आणि हिरव्या ठिपक्याचं उघडं पाकीट देतो, डॉक्टरांना दाखव. तुझ्याकडचे डबे टाकू नकोस, तेही ने. मधल्या दोन दिवसांत काय पाजायचं ते उद्याच त्यांना फोन करून विचार. पत्राच्या पाकिटाला डिंक लावलेला नाही. शिवकुमारनं वाटेत वाचलं तर वाचू दे. तुझ्या अप्पांना तू वाचून दाखव, माझं आधीचं पत्र शेजारी ठेवून.

सोमवारी मीही बीदरला येतो. अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून येईन. तुम्ही आत जा, मी दारापाशी बसेन. डॉक्टरांनी पुन्हा विचारलं तर मला हाक मार, मी हात पुढं करीन. तू हाक मारली नाहीस तरी बसून राहीन.

आशीर्वाद लिहायची सवय आहे, पण या वेळी लिहीत नाही. तो हक्क तू परत देशील तेव्हा लिहीन.

दानूचा आजा,
हावगेप्पा