मेथीच्या पानाची खूण

रोशनी,

मी बचत गटाच्या भट्टीवर चालले. चहा झाकून ठेवलाय, गरम करून घे. तुझा फोन मिरचीच्या डब्यामागं हाय. सासरचा आला तर घे, नायतर वाजू दे. तुझी मर्जी.

परसातली मेथी मी सकाळीच खुडली, रागवू नको. संक्रांतीला तू आलीस तेव्हा तिथं नुसती राख अन् खरकटं पडायचं. आता शिमगा झाला, तर बाया कुंपणावरून वाकून तुझे वाफे बघत्यात. मीपण मुद्दाम मागचं दार उघडंच ठेवते. बघू दे की!

ती मेथी नागलीच्या पिठात मळून बिस्किटं थापलीत. एका भट्टीत सगळ्या घरांचे ट्रे जातात, म्हणून ज्याची त्याची खूण बिस्किटावर दाबायची, तुला ठाऊकच हाय. आपल्या घराची खूण चमच्याच्या टोकाची. पण तुझा ट्रे मी वेगळा केलाय. त्यातल्या एकेका बिस्किटावर मेथीचं पान दाबलंय.

ही नवी खूण कालच चिमणाकाकूला सांगून ठेवली, भट्टी तीच सांभाळते ना. ती म्हणाली, "सुलाबाई, हे कोणतं घर गं? गावात तर असं नाय."

मी म्हटलं, "रोशनीचं."

ट्रे ज्याची खूण त्याच्याच हातात देत्यात. मला तो उचलता यायचा नाय, अन् आला तरी मी उचलणार नाय. ऊन तापायच्या आत घ्यायला ये.

अन् रोजच्यासारखी ओढ्याच्या मागल्या वाटेनं नको. गावातून ये.

आई